चहा आला की घरी

फोन आला तेव्हा आम्ही भर चौकात उभ्या होतो. माझ्या विद्यार्थिनीने गाडी बंद पाडली होती आणि स्टिअरिंग घट्ट धरून ती रडायच्या बेतात होती. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. मी तिला सांगत होते, की मागच्यांना बोंबलू दे, त्यांना तेवढंच येतं, तू आधी गाडी न्यूट्रलला आण. तेवढ्यात माझा फोन वाजला आणि पलीकडच्या बाईंनी नेहमीचा पहिला प्रश्न विचारला. सकाळपासून काही खाल्लंय का?

हा प्रश्न मला पाठ झाला आहे. कुठेतरी कोणीतरी गेलेलं असतं, घरच्यांनी काळजावर दगड ठेवून त्याची किडनी द्यायला होकार दिलेला असतो, आणि ती कदाचित मला चालेल असं हॉस्पिटलला वाटत असतं. चाललीच तर लगेच ऑपरेशन, म्हणून पोट रिकामं हवं. मी म्हटलं, काही खाल्लेलं नाही. बाई म्हणाल्या, निघा मग, आणि सोबत घरचं माणूस आणा.

"हॉस्पिटलला घे," मी विद्यार्थिनीला म्हटलं.

ती म्हणाली, तिला अजून डावीकडेच वळता येतं. मी म्हटलं, मग डावीकडे डावीकडे करत घे. सगळा रस्ता तिने दुसऱ्या गिअरमध्ये काढला. शिकवणीच्या गाडीत माझ्या पायाखालीही एक ब्रेक असतो. त्यावर पाय ठेवून मी बसले होते आणि घरचं माणूस म्हणून कुणाला फोन करावा याचा विचार करत होते. शेवटी कुणालाच केला नाही. ही माझी पाचवी खेप होती, आणि दुपारपर्यंत चहा पिऊन आपण परत येणार हे मी धरूनच चालले होते. बॅगही घेतली नाही. गाडी हॉस्पिटलच्या दारात लावली, जिथे थोडाच वेळ लावू देतात, आणि विद्यार्थिनीला बसने घरी पाठवून दिलं.

चहाचं सांगायला हवं. एका किडनीसाठी यादीतल्या दोघांना बोलावतात, एक पुढचा आणि एक मागचा. दोघांचं रक्त घेतात आणि प्रयोगशाळेत ते देणाऱ्याच्या पेशींबरोबर मिसळून बघतात. पुढच्याच्या रक्ताने त्या पेशी मारल्या, तर ती किडनी त्याच्या पोटात घालण्यात काही अर्थ नाही, टेबलावरच काळी पडायची. मग ती मागच्याला. निकाल यायला निम्मा दिवस जातो आणि तोवर दोघंही उपाशी. निकाल लागला की डॉक्टर येण्याआधी वॉर्डातल्या मावशी ट्रे घेऊन येतात. दोन बिस्किटं आणि अर्धा कप चहा. अर्धाच, कारण आम्हाला पाणी मोजून. ज्याच्यासमोर चहा ठेवला, त्याने घरी जायचं. असा काही नियम कुणी केलेला नाही. मावशींना आपलं वाटतं, बिचारं माणूस सकाळपासून ताटकळलंय, आता तरी काही पोटात जाऊ दे. त्या चांगल्या मनाने आणतात, म्हणून त्यांच्यावर रागावता येत नाही. ज्यांच्यावर रागावता येत नाही अशी माणसं मला फार जड जातात.

चारही वेळा तो चहा माझ्यासमोर आला होता.

पहिल्या वेळी माझ्याबरोबर लटांबर होतं. दादा, वहिनी, भाची, भाचीचा नवरा, वरच्या मजल्यावरच्या काकू. चहा आला तेव्हा सगळे एकदम मला धीर द्यायला लागले, इतका, की शेवटी मलाच त्यांना धीर द्यावा लागला. दुसऱ्या वेळी दादा आणि वहिनी आले. तिसऱ्या वेळी नुसता दादा. चौथ्या वेळी दादाने मला फाटकाशी सोडलं, त्याला त्याचं काचेचं दुकान उघडायचं होतं. दुपारी त्याचा फोन आला, मागे काच घासायच्या मशीनचा आवाज. "चहा झाला का?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, झाला. बरं म्हणाला आणि फोन ठेवला.

मी त्याला बोल लावत नाही. दादाचं दुखणं वेगळंच आहे. पहिली किडनी मला त्यानेच दिली होती. अकरा वर्षं चालली ती. त्या अकरा वर्षांत मी ड्रायव्हिंग स्कूल काढलं, गावभरच्या बायकांना रस्त्यावर आणलं, वाटेल ते खाल्लं आणि घटाघटा पाणी प्यायले. मग ती हळूहळू दमली. कुणाची चूक नाही, डॉक्टर म्हणाले, जुनी झाली. पण जाताना माझ्या रक्ताला एक खोड लावून गेली. दादाच्या पेशी आपल्या नव्हेत हे रक्ताने ओळखलं आणि त्यांची खूणगाठ बांधून ठेवली. आता तशी खूण जिथे थोडीफार दिसेल तिथे ते धावून जातं. मध्यंतरी अशक्तपणा आला म्हणून दोन-तीनदा रक्ताच्या बाटल्या चढवल्या, त्यातून ही ओळखपाळख आणखी वाढली. डॉक्टरांनी हिशेब सांगितला. शंभर लोक किडनी द्यायला पुढे आले, तर त्यातल्या अठ्ठ्याण्णवांना माझं रक्त हाकलून लावेल. अशा अडेलतट्टू रक्ताची माणसं कायमची मागे पडू नयेत म्हणून आम्हाला पुढे बोलावतात. उरलेले दोघं कधी भेटतील ते मात्र कुणी सांगू शकत नाही. माझ्या स्वभावाला धरूनच झालं म्हणा. माझ्याकडे शिकायला येणारेही दुसऱ्या महिन्यात फारसे दिसत नाहीत.

डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा दादा माझ्या शेजारी बसला होता. त्याने एकच विचारलं, म्हणजे माझ्यामुळे का? डॉक्टर म्हणाले, तसं नाही हो, कुणाचीही असती तरी हेच झालं असतं. दादाने मान हलवली, पण त्याला पटलेलं नव्हतं. परत जाताना गाडी तो चालवत होता. सिग्नलला थांबल्यावर काचेतून समोर बघत म्हणाला, "मी दिली नसती, तर आज तुला कुणाचीही चालली असती, टिल्ले." लहानपणापासून तो मला टिल्ली म्हणतो. मला पुष्कळ बोलायचं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, की क्लचवरचा पाय काढ, प्लेट जळते. त्यानंतर त्याचं येणं कमी झालं. आला तरी दारातूनच बोलायचा. आपणच आपल्या बहिणीच्या वाटेत भिंत बांधली, असं त्याच्या मनाने घेतलं होतं.

आणि मला आता फार वाट बघता येणार नव्हती. डायलिसिससाठी हातात एक नस जोडून फुगवतात, त्यात दिवसाआड सुया घालतात. माझ्या डाव्या हातातली बंद पडली होती. उजव्या हातातली कुरकुर करत होती. ती गेली की मानेतून नळी, आणि मानेतल्या नळीवर माणसं किती दिवस काढतात ते मी शेजारच्या खुर्च्यांवर पाहिलं आहे. डॉक्टरांनी हे मला गोड शब्दांत सांगितलं होतं. मला गोड शब्दही कळतात. घरी मी एकटी असते. दिवसभर विद्यार्थ्यांवर ओरडते ते सगळंच काही त्यांच्या चुकांसाठी नसतं, घरी गेल्यावर ओरडायलाही कुणी नाही म्हणून असतं.

तर मी वॉर्डात गेले, तेव्हा मागचा आधीच येऊन बसला होता. उंच, काटकुळा माणूस, लिफ्ट दुरुस्तीचं काम करणारा. शेजारी बायको, तिच्या मांडीवर फुगलेली बॅग, आणि बॅगेतून डोकावणाऱ्या नव्या रबरी चपला, किमतीची चिठ्ठी तशीच. पहिली खेप, हे लगेच कळलं. आमची दोघांची रक्तं घेऊन झाली आणि आम्ही समोरासमोरच्या खाटांवर बसून राहिलो.

खोलीबाहेरच लिफ्ट होती. ती आली की लिफ्टवाला मान तिरपी करून ऐकायचा. थोड्या वेळाने त्याला राहवेना. म्हणाला, हिचं दार फसवं आहे, मॅडम. बघा, लागतंय असं वाटेल आणि उघडेल. दोनदा करेल असं, तिसऱ्यांदा लागेल. मी दाराकडे बघत बसले. खरंच दोनदा उघडून तिसऱ्यांदा लागलं. पुढचा तासभर आम्ही दोघं तेच बघत होतो. त्याची बायको म्हणाली, इथे तरी काम विसरा. तो म्हणाला, डोळे उघडे आहेत तोवर कसं विसरू?

मग त्याने विचारलं, तुमची कितवी वेळ? मी सांगितलं, आणि चहाचंही सांगितलं. चारही वेळा चहा मलाच आला हे ऐकून त्याच्या बायकोचा चेहरा उजळला, आणि उजळला म्हणून तिलाच लाज वाटून तिने बॅगेची चेन लावल्यासारखं केलं. मला राग आला नाही. पहिल्या खेपेला मीही दुसऱ्याच्याच चहाची वाट बघत होते. त्याला दोन मुलं होती. कामावरून त्याला काढलं नव्हतं, पण वर चढू देत नव्हते, खालीच बसवून ठेवत होते. हे त्याने हसत सांगितलं, बायको हसली नाही. मनात म्हटलं, मिळू दे याला. आणि लगेच मनात आलं, का म्हणून? दोन्ही खरं होतं.

दुपार झाली. मावशी ट्रे घेऊन आल्या. मला बघून ओळखीचं हसल्या आणि ट्रे सरळ माझ्यासमोर ठेवला. मी मनात म्हटलं, संपलं, पाचवा. लिफ्टवाल्याची बायको उठून उभी राहिली होती. मी तिच्याकडे बघून मान हलवली, म्हणजे तुमचं झालं काम, अशा अर्थाने. आणि कप उचलला. ओठाला लावणार, तेवढ्यात सिस्टर दारातूनच धावत आल्या आणि त्यांनी माझा हातच धरला. निम्मा चहा चादरीवर सांडला.

"तुम्हाला नाही," सिस्टर म्हणाल्या. "तुमचं जुळलंय."

मावशींनी कपाळावर हात मारला. त्या म्हणाल्या, दर वेळी यांनाच देते हो, हात आपोआप इकडेच वळला. कपातला उरलेला घोटभर चहा आणि बिस्किटं त्यांनी उचलली आणि पलीकडच्या खाटेवर नेऊन ठेवली. लिफ्टवाल्याची बायको अजून उभीच होती.

डॉक्टर आले, त्यांनी तेच पुन्हा सांगितलं. पेशी शाबूत आहेत, रक्त गप्प बसलंय. मला आनंद व्हायला हवा होता. मला भीती वाटली. इतकी वर्षं जे रक्त सगळ्यांवर धावून जात होतं ते आज गप्प का, असंच डोक्यात आलं. मग सिस्टरनी विचारलं, सोबत कोण आहे? मी म्हटलं, कोणी नाही. त्या म्हणाल्या, असं कसं, सांगितलं होतं ना. ऑपरेशन चालू असताना बाहेर एक माणूस बसलेलं लागतं, औषध आणायला, निरोप द्यायला. त्याशिवाय वर घेत नाहीत.

मी दादाला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. तो काच कापायला बसला की कानांवर ते मोठे हेडफोन असतात, त्याला जगबुडी झाली तरी कळत नाही. वहिनीचा फोन बंद. वरच्या काकू मुलाकडे गेलेल्या. पुन्हा दादाला लावला, पुन्हा वाजून बंद. माझ्या फोनमध्ये विद्यार्थ्यांचे नंबर भरलेले आहेत, सगळे मला घाबरतात. सिस्टर घड्याळाकडे बघत होत्या. किडनी बर्फात असते, ती कुणाच्या दादासाठी थांबत नाही. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, मी विचारून येते, पण थोडाच वेळ आहे.

तेवढ्यात कुणी आलं नाही तर काय, हे सांगायची गरज नव्हती. पलीकडच्या खाटेवर ज्याचंही रक्त जुळलं होतं असा माणूस बसला होता. त्याच्या पोटात सकाळपासून काही गेलं नव्हतं आणि त्याच्यासमोरचा चहा तसाच होता. त्याच्या बायकोला हे आमच्या सगळ्यांच्या आधी कळलं. तिने कपाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. इतक्या आर्जवाने बघणारी नजर मी आयुष्यात पाहिली नाही. मी काय बोलणार होते? किडनी माझी आहे म्हणू? ती माझी कधी होती?

लिफ्टवाला थोडा वेळ कपाकडे बघत बसला. मग त्याने कप उचलला आणि तो घोटभर चहा एका दमात पिऊन टाकला. एक बिस्किटही तोंडात टाकलं. चावून, गिळून झाल्यावर म्हणाला, "सिस्टर, यांच्यासाठी मी बसतो बाहेर."

सिस्टरनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही यांचे कोण?"

"मी यांचा मागचा," तो म्हणाला.

त्याच्या बायकोने बॅग उचलली आणि ती खोलीतून निघून गेली. तिचं काही चुकलं असं मला वाटलं नाही. मी त्याला म्हटलं, अहो, तुम्ही हे काय केलंत? तो म्हणाला, काय केलं, चहा प्यायलो. तुम्हाला शंभरातले दोनच चालतात मॅडम, मला पुष्कळ चालतात. मला परत बोलावतील. त्याचा आवाज मात्र तो म्हणत होता तितका मोकळा नव्हता.

मग घाई सुरू झाली. कपडे बदलले, हातात सुई लागली. मी माझा फोन आणि गाडीची किल्ली त्याच्या हातात दिली. गाडी दारातून काढायला सांगितली, तर म्हणाला, मला गाडी येत नाही. मी म्हटलं, मग उचलून नेऊ दे त्यांना, आणि मी बरी झाले की तुम्ही शिकायला या, फुकट शिकवीन, ओरडणारही नाही. तो म्हणाला, ओरडा, ओरडल्याशिवाय कसं येईल. मी म्हटलं, माझ्या दादाचा फोन आला तर त्याला एक सांगा. सांगा की तुझ्या अकरा वर्षांतलं एकही वर्ष मी परत करणार नाही. आज पुन्हा विचारलं, तरी मला तुझीच किडनी आधी हवी. एवढं नक्की सांगा, मला त्याच्या तोंडावर बोलता येत नाही. त्याने ते शब्द ओठांनी पुटपुटून पाठ केले.

मला ढकलगाडीवर घेतलं तेव्हा त्याची बायको परत आली. डोळे सुजलेले होते. तिने बॅगेतून त्या रबरी चपला काढल्या, चिठ्ठी ओढून तोडली आणि माझ्या पायाशी चादरीवर ठेवल्या.

"तुम्ही काही आणलेलं दिसत नाही," ती म्हणाली. "बऱ्या झालात की परत द्या. आम्हाला लागणार आहेत."

मी मान हलवली. मला रडू येत होतं आणि मी येऊ दिलं.

मला लिफ्टमध्ये घातलं. दार लागायला लागलं, तेवढ्यात बाहेर माझा फोन वाजला. दार उघडलं. लिफ्टवाला फोन कानाला लावून धांदरटासारखा म्हणत होता, "हो, हो, त्यांचाच आहे, थांबा, अजून एकदा उघडेल दार, देतो." वॉर्डबॉय बटण दाबत होता. दार निम्मं लागलं आणि पुन्हा उघडलं, आणि लिफ्टवाल्याने अर्धं अंग आत घालून फोन माझ्या कानाशी धरला. तिकडून काच घासायच्या मशीनचा आवाज येत होता. आवाज थांबला. दादाने मशीन बंद केलं असावं.

"दोन-दोन मिसकॉल दिसले," दादा म्हणाला. "चहा झाला का, टिल्ले?"

"नाही, दादा," मी म्हटलं. "आज चहा दुसऱ्याने घेतला."

लिफ्टवाल्याने फोन मागे घेतला, स्वतःच्या कानाला लावला आणि मी सांगितलेले शब्द बोलायला सुरुवात केली. पहिले दोन-तीन मला ऐकू आले. मग तिसऱ्यांदा दार लागलं.